सुताराचे बलुते आणि आपला हिशेब

(पुणे येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कांद्याच्या भावावर बोलून झाले, विजेच्या बिलावर बोलून झाले. आता आम्ही उभे राहिलो आहोत ते लाकूड तासण्यावर बोलायला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "शेतकऱ्यांच्या बैठकीत वाकस आणि पटाशी कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्हाला अर्धा तास द्या. हा विषयही शेवटी भावाचाच आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

आम्ही म्हणजे जुन्नर, खेड, शिरूर आणि मुळशी या चार तालुक्यांतले अकरा जण. नऊ पुरुष आणि दोन बाया. गेल्या थंडीत आम्ही पुण्यात कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यावर आठ दिवस राहिलो. वाड्याची दुरुस्ती चालली होती. मालकांनी मागच्या चौकात जागा दिली, त्या कामावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवायचे कबूल केले, आणि मिस्त्रींची आठ दिवसांची मजुरी आम्ही वर्गणी काढून दिली. बेत साधा होता. कुऱ्हाडीने आणि वाकसाने ओंडके चौरस करायचे, त्यांना कूस आणि भोक पाडायचे, आणि शेवटच्या दिवशी दोन खांब, दोन हस्त आणि एक तुळई एवढा सांगाडा खिळा न मारता उभा करायचा.

आठ दिवसांची शाळा

लाकूड आमचेच होते. शिरूरच्या आमच्या एका भावाच्या बांधावरची दोन निंबाची झाडे वळवाच्या वाऱ्याने पडली होती. त्यांचे ओंडके टेम्पोत घालून नेले. शिकाऊ हातांना सागवान द्यायला मिस्त्री तयार नव्हते. "सागवान चुकलात तर मी रडेन, निंब चुकलात तर तुम्ही रडाल," असे म्हणाले.

पहिला दिवस नुसता सूत मारण्यात गेला. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना ओळंबा धरायचा, मधली उभी रेघ काढायची, तिच्यापासून मोजून चौकोन आखायचा. मग गेरूच्या पाण्यात भिजवलेला दोरा एका टोकाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरायचा आणि मधोमध चिमटीत उचलून सोडून द्यायचा. लाल रेघ उमटते. सुतार हा शब्दच सुतावरून आला म्हणतात. त्या दिवशी तो का आला ते कळले. दोरा अर्धा बोट वाकडा धरला तर पुढचे सगळे काम वाकडे होते आणि कुऱ्हाडीला दोष देऊन उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड हातात आली. आपल्याला वाटते कुऱ्हाड चालवणे काय, जन्मभर जळण फोडले आहे. पण जळण फोडणे वेगळे आणि तासणे वेगळे. आधी हात-हातभर अंतरावर आडव्या खाचा घ्यायच्या, रेघेपर्यंत, रेघेच्या आत नाही. मग दोन खाचांमधला भाग धाग्याच्या दिशेने फोडून काढायचा. मोठमोठ्या ढलप्या पडतात. राहिलेले उंचवटे वाकसाने उतरवायचे. वाकस पायाजवळ चालतो, त्यामुळे ओंडक्यावर कसे उभे राहायचे याचाच एक तास पाठ झाला. आमच्यातल्या दोघांना एका बाजूला दीड दिवस लागला. तीच बाजू मिस्त्रींनी दुसऱ्या ओंडक्यावर चहा व्हायच्या आत करून दाखवली.

आम्ही विचारले, आरागिरणीत पाच मिनिटांत होते ते हाताने का करायचे? मिस्त्रींनी आरागिरणीला वाईट म्हटले नाही. फळ्या पाडायला गिरणीच बरी, असे ते म्हणाले. पण करवत सरळ जाते आणि झाड सरळ वाढत नाही. जिथे धागा वळतो तिथे करवत तो कापून टाकते. कुऱ्हाड धाग्याच्या कलाने फोडत जाते. म्हणून तासलेल्या तुळईत टोकापासून टोकापर्यंत गेलेले धागे जास्त राहतात, आणि भार पेलतात ते हेच धागे. शिवाय ज्याने लाकूड हाताने तासले त्याला त्यातली गाठ, पोकळी, वळण सगळे माहीत होते. कोणती बाजू वर ठेवायची आणि कूस कुठे काढायची हे तो डोळे मिटून सांगतो.

तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत सांधे. खांबाच्या डोक्यावर कूस ठेवायची, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती कूस हस्तातून आरपार वर तुळईत जाते. तुळईचे भोक पटाशीने पाडायचे, दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे, म्हणजे कड फुटत नाही. मग आडवी खुंटी. खुंटीचे भोक कुशीत आणि तुळईत अगदी समोरासमोर पाडायचे नाही. कुशीतले जरासे खांबाच्या बाजूला सरकवायचे. खुंटी ठोकली की ती सांधा ओढून घट्ट करते. लाकूड वाळताना आक्रसते, आणि वलयांच्या कडेने जेवढे आक्रसते ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट असते. हे लक्षात ठेवून सांधा केला तर वाळता वाळता तो आवळत जातो, नाहीतर सुटत जातो. खिळा सैल पडला की पडला. म्हणून त्या जुन्या वाड्यात आम्हाला शोधूनही मुख्य सांध्यात खिळा सापडला नाही.

सहाव्या दिवशी आमच्याकडून घोटाळा झाला. एका खांबाची कूस काढताना रेघ चुकली आणि खांब चार बोटे आखूड झाला. आम्ही म्हणालो, खाली दगड घालू. मिस्त्री म्हणाले, "दगड घालाल, आणि तो सरकला की सगळे खाली याल. दुसरा खांबही चार बोटे कापा." चांगला खांब कापताना जीव तुटला. पण आठव्या दिवशी सांगाडा उभा राहिला. तुळई वर चढवली, खुंट्या ठोकल्या, आणि आमच्यातले सहा जण एका वेळी तिला लोंबकळले. ती करकरलीसुद्धा नाही.

वाडा कशावर उभा असतो

आपण पुण्याला येतो ते मार्केट यार्डात आणि कलेक्टर कचेरीत. वाडे बघायला येत नाही. पण या शहराच्या पेठा आपल्या रानातल्या लाकडावर उभ्या होत्या. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. त्याचे सागवान आले जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून. त्या वेळचा खर्च १६,११० रुपये सांगतात. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली, सात दिवस धुमसत राहिली, आणि आत होते ते सगळे लाकूड गेले. आज आपण तिकीट काढून बघतो ते मुख्यतः दगडाचे जोते, तट आणि दरवाजे.

लाकडातला वाडा बघायचा तर विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाने तो १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला. खालून वर निमुळते होत जाणारे सुरूच्या घाटाचे खांब, त्यांवर केळफुलाची नक्षी. पुणे महापालिकेने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याची टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करून घेतली. म्हणजे हे काम करणारे हात अजून संपलेले नाहीत आणि हे काम करून घेणाऱ्यांनाही ते हात लागतात, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

वाड्याचे गणित खणाचे असते. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. घर किती खणांचे, हीच घराची मोजणी. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. भार या सांगाड्यावर. भिंत बरीचशी आडोशाला. आपल्या गावातल्या जुन्या घरांचेही गणित हेच होते, फक्त नक्षी नव्हती.

हे गणित कळले नाही तर काय होते ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. पाणी पेठांत शिरले, माती-विटांच्या भिंती भिजून बसल्या आणि किती तरी वाडे गेले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्यासारखी शेतकरी होती. तिथली घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदवली. माणसे मारली ती मुख्यतः दगडांनी आणि माळवदाच्या मातीने. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पुरा होता आणि सांधे धड होते, तिथे भिंती ढासळूनही माळवद खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे सापडली. लाकडी घर भूकंपात पडत नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच की सांधा धड आहे का नाही, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. आणि आज गावात एखादा खांब हलवून "हा सांधा गेला आहे" असे सांगणारा माणूस शोधून सापडत नाही.

विद्या गेली कुठे

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेकोटीला आम्ही मिस्त्रींना विचारले, "तुमची मुले काय करतात?" एक रिक्षा चालवतो. दुसरा प्लायवूडचे काम करतो, कपाटे बसवतो. तासकाम दोघांनाही येत नाही. आम्ही शहाणपणाने म्हणालो, "अरेरे, मिस्त्री, केवढी विद्या! मुलांना शिकवायला हवी होती."

मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले ते शब्दशः सांगतो.

"माझा बाप गावचा सुतार. मृगाच्या तोंडावर दारात रांग. कुणाची पाभर, कुणाचं जू, कुणाच्या नांगराचं रुमणं. माझं आधी, माझं आधी. रात्री कंदील लावून तासायचा. आणि सुगीला आम्ही पोती घेऊन खळ्यावर जायचो, तर मालक म्हणायचा, यंदा पीक कुठंय? जे द्यायचा ते राशीच्या कडेचं, मातीतलं. बाप सूप घेऊन पाखडत बसायचा. तुम्ही मला सांगता, मुलांना शिकवायला हवं होतं. मी विचारतो, कशासाठी?"

आमच्या अकरा जणांपैकी एकालाही उत्तर आले नाही. कारण ते खळे आमच्याच आज्या-पणज्यांचे होते.

पुस्तकांत लिहितात की लोखंडी नांगर आला आणि सुतार बसला. ते खोटे नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर गावोगाव गेले, पुढे ट्रॅक्टर आले, बैलगाडीला टायर आले. नवे अवजार आले की जुन्याचे काम कमी होणारच, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. आपणही कोणी लाकडी नांगराकडे परत जाणार नाही. पण घराच्या तुळया, गोठ्याचे खांब, वाड्याची दुरुस्ती हे काम तर राहिले होते ना? ती विद्याही का गेली? मिस्त्रींचे उत्तर असे की तिच्यात पोट भरत नव्हते म्हणून गेली. नांगराच्या वेळीही भरत नव्हते आणि नंतरही भरले नाही.

आपल्या खळ्यावरचा हिशेब

आता भावाच्या मुद्द्यावर येतो.

आपण जन्मभर काय मागत आलो? उत्पादनखर्चावर आधारलेला भाव. आपण सरकारला सांगतो की बियाणे, खत, पाणी धरा, पण घरच्या माणसांची मजुरीही धरा, बैलांची आणि अवजारांची झीज धरा, बुडालेल्या वर्षाची जोखीम धरा. शहरातला माणूस कांदा महागला म्हणून ओरडतो तेव्हा आपण विचारतो, बाबा रे, तू कधी एक वाफा तरी खुरपलास का?

हाच हिशेब सुताराला लावून बघा. त्याची शिकायची वर्षे आपण कधी धरली? त्याच्या पोलादाची झीज? मृगाच्या तोंडावरची त्याची जागरणे? बाराबलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला म्हणायचा आणि त्याचे मोल राशीच्या कडेच्या मातेऱ्यात मोजायचे, आणि तेही पीक बरे आले तर. शहराने आपल्याशी जे केले तेच आपण गावात सुताराशी केले. ज्याचा भाव दुसरा ठरवतो त्याची पुढची पिढी तो धंदा सोडते. आपल्या मुलांनी शेती सोडली तेव्हा हे आपल्याला चांगले कळले. सुताराच्या मुलाने वाकस ठेवला तेव्हा मात्र आपण म्हणालो, हल्ली कष्ट करायला कोणी तयार नाही.

आणि याचा तोटा शेवटी कोणाला झाला? आपल्यालाच. आज तुमच्या बांधावर एखादे सागवान असेल तर काय होते? व्यापारी येतो, झाडाला मिठी मारून अंदाज घेतो आणि उभ्या झाडाचा भाव सांगतो. तुम्हाला घनफूट काढता येत नाही, गाभा किती आणि बाहेरचे पांढरे कच्चे लाकूड किती हे कळत नाही, त्यातून किती तुळया निघतील ते ठाऊक नाही. तो सांगेल तो भाव. माल तुमचा, मोजमाप त्याचे. जुना वाडा उतरवला जातो तिथेही हेच. आम्ही शिकत होतो त्याच्या शेजारच्या गल्लीत एक वाडा पाडला जात होता. नक्षीचे खांब आणि साध्या कड्या एकाच ढिगात, सगळ्यांचा मिळून एक भाव. मालकाला वेगळे काढून सांगणारा कोणी नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी कोणी तरी महिनाभर बसून कोरलेला हस्त नुसता लाकूड म्हणून गेला.

हाताला काम कळते तेव्हा डोळ्याला भाव कळतो. आम्ही आठ दिवसांत सुतार झालो नाही. सुतार व्हायला वर्षे लागतात. पण एक ओंडका चौरस करायला किती घाम लागतो ते आमच्या खांद्यांना कळले. आता मिस्त्रींनी मजुरी सांगितली तर आम्ही घासाघीस करणार नाही, आणि व्यापाऱ्याने झाडाचा भाव सांगितला तर गप्प बसणार नाही. आठ दिवसांची ही कमाई काही थोडी नाही.

जगात काय चालले आहे

कोणी म्हणेल, ही मेलेली विद्या आहे. तर एक गोष्ट सांगतो. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसमधल्या नोत्र दाम या मोठ्या चर्चच्या छपराला आग लागली. मध्ययुगातल्या ओकच्या लाकडाचा सगळा सांगाडा जळून गेला. लोखंडाचे छप्पर करा, काँक्रीटचे करा, असे सल्ले पुष्कळ आले. शेवटी ठरले की होते तसेच ओकचे करायचे. सरकारी आणि खाजगी रानांतून हजाराहून अधिक ओक निवडले. जुन्या छपराच्या तुळया हाताने तासलेल्या होत्या, म्हणून नव्या सांगाड्याच्याही पुष्कळशा तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने तासल्या. त्यासाठी लोहारांकडून जुन्या घाटाच्या कुऱ्हाडी घडवून घेतल्या. ८ डिसेंबर २०२४ ला चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना सुरू झाली.

हे सुतार आले कुठून? त्याच देशात गेदलों नावाच्या ठिकाणी १९९७ पासून एक किल्ला मध्ययुगातल्या पद्धतीने, हाताच्या हत्यारांनी बांधत आहेत. बांधता बांधता शिकणे, हाच त्यातला मुख्य हेतू. तिथे आणि अशाच शिबिरांत घाम गाळलेले लोक नोत्र दामच्या कामाला उपयोगी पडले. जपानात इसे येथील देवस्थानाची लाकडी मंदिरे दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. मागची फेरी २०१३ साली झाली, पुढची २०३३ साली यायची आहे. वीस वर्षांचे गणित चांगले आहे. एका फेरीला शिकाऊ असलेला पोरगा पुढच्या फेरीला मिस्त्री होतो, आणि त्याच्या पुढच्या फेरीला शिकवायला उरतो.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. विद्या कपाटात ठेवून टिकली नाही, कामावर ठेवून टिकली, आणि काम करणाऱ्याला त्याचे मोल मिळाले.

आपल्याकडेही असा विचार करणारा माणूस होऊन गेला. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या पोरांनी वेल्डिंग, बांधकाम, सुतारकाम, शेती हे सगळे प्रत्यक्ष काम करत शिकायचे, आणि गावाला उपयोगी पडेल तेच काम शिकायला घ्यायचे, ही तिथली रीत. २००३ साली कलबाग गेले, आश्रम चालू आहे. म्हणजे काम करत शिकणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही.

झाड कोणाचे

आता एक अडचण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की यांनी गोड तेवढे सांगितले. आपल्या राज्यात १९६४ साली वृक्षतोड नियमनाचा कायदा झाला. त्याच्या यादीत सागवान आहे, आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहे, ऐन, मोह, खैर, हिरडा आहे. ही झाडे आपल्या मालकीच्या जमिनीत आपण लावलेली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. सागवानासारखे लाकूड हलवायचे तर वाहतुकीचा पासही लागतो. रान राखले पाहिजे याबद्दल आमचे दुमत नाही. सह्याद्रीचे डोंगर बोडके झाले तर विहिरी आपल्याच आटतात. पण आमच्यातल्या एकाने बांधावरच्या चार सागांसाठी अर्ज केला आणि वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी कंटाळून त्याने पुढे सागवान लावायचेच सोडून दिले. त्या बांधावर आता झाडच नाही. यात रानाचा काय फायदा झाला, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे.

२०१७ साली केंद्राने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. आपल्या शेतातला बांबू तोडायची आणि विकायची वाट त्यामुळे मोकळी झाली. जे बांबूला जमले ते शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या, सातबाऱ्यावर नोंदलेल्या सागाला का जमू नये? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण मागणी मान्य झाली आणि हातात विद्या नसली, तर पुन्हा व्यापारीच येऊन झाडाला मिठी मारणार आहे. म्हणून दोन्ही कामे बरोबर चालली पाहिजेत.

काय करता येईल

आमचा प्रस्ताव लहान आहे. प्रत्येक तालुक्यात पुढच्या थंडीत एक शिबिर घ्यावे. आठ किंवा दहा दिवसांचे, दहा-बारा जणांचे, त्याहून जास्त नको. एका मिस्त्रींच्या हाताखाली दहांपलीकडे माणसे झाली की बघे तयार होतात, शिकणारे नाही.

हत्यारे थोडी लागतात. दोन कुऱ्हाडी, दोन वाकस, दोन करवती, चार-पाच पटाश्या, मोगरी, गुण्या, ओळंबा, सूत आणि धार लावायचा दगड. धार लावणे पहिल्या दिवशी शिकवावे. बोथट वाकस घसरतो आणि नडगीवर येतो.

लाकूड वादळात पडलेले, बांधावरचे, परवानगीचा प्रश्न न येणारे घ्यावे. ओले लाकूड तासायला सोपे जाते. उन्हात टाकू नये, टोकांना शेण-माती लावून सावलीत ठेवावे, म्हणजे चिरत नाही.

शिबिरात शोभेचे काही करू नये. आपल्या जिल्ह्यात कांदा आहे, म्हणून एक कांदाचाळ करावी. चाळ म्हणजे काय? जमिनीपासून उचललेले खांब-तुळयांचे जोते, खालून आणि बाजूंनी वारा खेळणाऱ्या फटी, वर छप्पर. सगळा खणाचाच हिशेब आहे. कूस, भोक, खुंटी, हस्त हे सगळे तीत येते. शिबिर संपले की ज्याच्या शेतात केली त्याच्याकडे चाळ राहते, आणि भाव पडलेला असताना कांदा थोडे दिवस तरी थांबवता येतो. सकाळी कांद्यावर जे बोलणे झाले त्याला आमचा हात असा लागतो.

बायांना बोलवावे. आमच्यातल्या दोघींची कूस सगळ्यांत नेमकी निघाली. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी त्यांना पाणी आणायला सांगितले होते. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात आपली घरची पटाशी दिली. सुताराची विद्या सुताराच्या घरात आणि तीही पुरुषांतच, हे कुंपण होते तोवर एका घरातल्या मुलाने पाठ फिरवली की विद्या बुडत होती. शिबिराने ते कुंपण काढता येते.

आणि शेवटची अट, जी आमच्या मते पहिली आहे. मिस्त्रींना पूर्ण मजुरी द्यायची, रोख, ठरल्या दिवशी. सत्काराचा नारळ वेगळा. मजुरी परवडत नसेल तर शिबिर घेऊ नये. फुकट शिकवा म्हणायचे असेल, तर पुन्हा कधी शेतकऱ्याने भावासाठी रस्त्यावर बसू नये.

आठव्या दिवशी सांगाडा उभा राहिला तेव्हा आम्ही मिस्त्रींच्या हातात पाकीट दिले. त्यांनी ते आमच्यासमोर उघडून मोजले. शिष्टाचार म्हणून तसेच खिशात घातले नाही, मोजले. आम्हाला आधी जरा लागले. मग वाटले, बरोबर आहे. खळ्यावरून मोजमाप न करता जे मिळेल ते पोत्यात भरून नेणाऱ्या बापाचा मुलगा आहे. त्याने मोजूनच घेतले पाहिजे.

पैसे पुरे होते. मिस्त्रींनी विचारले, "पुढचं शिबिर कधी? धाकट्याला घेऊन येतो."

तारीख ठरवायची आहे. ज्या तालुक्यांना शिबिर घ्यायचे आहे त्यांनी बैठक उठायच्या आत नावे द्यावीत. एवढे बोलून आम्ही थांबतो.